वस्तादाची नजर आणि उतारवयातील बळ

आषाढ लागला की इगतपुरी ढगांत शिरते. थळघाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात पावसाळ्यात समोरचा डोंगर दिवसच्या दिवस दिसत नाही, अंगणात शेवाळ धरते आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी उंबरठ्याच्या आत येतात. सकाळचा फेरफटका बंद होतो, देवळात जाणे थांबते, बाजारहाट मुले-सुना करतात. ‘पाय घसरेल, बाहेर पडू नका,’ हा सल्ला प्रेमाचा असतो आणि बहुतेक वेळा योग्यही असतो. परंतु दिवाळीच्या सुमारास आकाश निवळते आणि मग लक्षात येते की, ज्येष्ठात सहज उठता येत होते त्याच खुर्चीतून उठताना आता दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो. चार महिन्यांत काय हरवले, हे कोणाच्या ध्यानातही आलेले नसते.

अशाच एखाद्या पावसाळी दुपारी आपला नातू शेजारी बसून मोबाइलवर खेळत असेल, तर त्या पडद्याकडे जरा निरखून पाहा. खेळणाऱ्याने एखाद्या वीराची भूमिका घेऊन लांबचा प्रवास करावा, अशा प्रकारचे खेळ हल्लीच्या मुलांना फार प्रिय आहेत. त्यांत पुष्कळदा एक पात्र भेटते. केस पिकलेला, अंगावर जुन्या लढतींच्या खुणा असलेला, आता स्वतः न लढणारा असा तो योद्धा गावातील व्यायामशाळेत नवख्यांना शिकवीत असतो. नायक त्याच्याकडे जातो, ठरावीक मेहनत करतो आणि त्याच्या बळाचा आकडा एकाएकाने वाढत जातो. नातवाला हे पात्र नवलाचे वाटते. आपल्याला ते वाटू नये, कारण महाराष्ट्राने या पात्राला फार पूर्वीच नाव दिले आहे. आपण त्याला ‘वस्ताद’ म्हणतो.

लढणे संपते, शिकवणे सुरू होते

तालमीत वाढलेल्या पैलवानाची प्रत्यक्ष कुस्ती तशी लवकर संपते. तिशी-पस्तिशीच्या आसपास गुडघे, खांदे आणि मान कुरकुरू लागतात, तरुण पट्ठे वेगाने पुढे जातात आणि एक दिवस लंगोट खुंटीला लागतो. त्यानंतर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पैलवानापुढे उभा राहतो. मेहनत एकाएकी सोडली आणि खुराक मात्र तसाच चालू ठेवला, तर वजन वाढते, रक्तदाब व साखर मागे लागतात आणि एकेकाळी आखाडा गाजविणारे शरीर पन्नाशीतच जिना चढताना थकते. ज्यांनी तालीम सोडली नाही, केवळ तिच्यातील आपली जागा बदलली, त्यांची गोष्ट निराळी ठरली.

१९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे त्यांतील एक ठळक नाव. लढती थांबल्यावर ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि त्यांनी अनेक मल्ल घडविले. २०१८ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना निरोप देणाऱ्यांच्या ओठी ‘हिंदकेसरी’ आणि ‘वस्ताद’ हे दोन्ही शब्द सारख्याच आदराने होते.

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांचे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिकविण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले, बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे तयार झाला. बिराजदार २०११ मध्ये गेले. त्यानंतर राहुलला काका पवारांनी पुढे नेले आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो वजनगटात सुवर्ण जिंकून ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. गुरूच्या पदकानंतर ४८ वर्षांनी शिष्याच्या गळ्यात पदक पडले, आणि मधली सारी वर्षे ते बळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सरकत होते.

हीच साखळी इगतपुरीच्या अगदी शेजारीही येऊन पोहोचते. कळसूबाईचे शिखर इगतपुरी आणि अकोले या दोन तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. त्या पलीकडच्या अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीर याने नाशिकजवळच्या भगूर येथील बलकवडे व्यायामशाळेत सुरुवातीचे धडे घेतले, पुढे तो पुण्यात काका पवारांकडे गेला आणि जानेवारी २०२० मध्ये नाशिकचे प्रतिनिधित्व करीत ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. अंतिम लढतीत त्याच्यासमोर उभा असलेला लातूरचा शैलेश शेळके हाही काका पवारांचाच पट्ठा होता. लढत ३-२ अशी अटीतटीची झाली आणि जिंकल्यावर हर्षवर्धनने पराभूत शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ते छायाचित्र आपणही वर्तमानपत्रात पाहिले असेल. एकाच वस्तादाने घडविलेले दोघे जण एकमेकांचे ओझे कसे उचलतात, हे त्यात दिसत होते.

आपण म्हणाल, हे सारे ऐकायला छान आहे. पण सत्तरीतल्या माणसाचा आखाड्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. वस्तादाजवळ जी दृष्टी असते, तिची गरज पंचविशीतल्या मल्लापेक्षा पंचाहत्तरीतल्या माणसाला अधिक असते.

स्नायूंचे गुपचूप झडणे

आपल्या शरीरातील स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात. सर्वसाधारणपणे दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के अशी ही घट असते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हा शब्द अगदी अलीकडचा, १९८० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेला आहे. त्यापूर्वी आणि आजही घरोघरी त्याला ‘वय झाले’ एवढेच म्हटले जाते. ‘वय झाले’ असे म्हटले की उपाय शोधण्याची गरज उरत नाही, हाच त्या दोन शब्दांचा सर्वांत मोठा तोटा आहे.

वयापेक्षाही अधिक वेगाने स्नायू खाणारी गोष्ट म्हणजे निजून किंवा बसून राहणे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्या दहा दिवसांत त्यांच्या केवळ पायांतीलच सुमारे एक किलो मांसल भाग कमी झाला. आजारपण नव्हते, ताप नव्हता. होती ती केवळ सक्तीची विश्रांती. पावसाळ्यात आपण काही सतत अंथरुणावर नसतो हे खरे, पण पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग एवढाच प्रवास उरला, तर वाट त्याच दिशेने जाते.

पायांतील बळ घटले की चाल मंदावते, पाऊल पुरेसे उचलले जात नाही, तोल गेल्यावर तो सावरण्याइतकी चपळाई राहत नाही. मग न्हाणीघरातील ओली फरशी किंवा उंबरठ्याची दोन इंचांची उंचीदेखील घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. नातवाच्या खेळातील वीर पडला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून डाव मांडता येतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना तसे करता येत नाही.

नव्वदीतही स्नायू ऐकतात

आता दुसरी, दिलासा देणारी बाजू. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा दुर्बल व्यक्तींना वजनाचा व्यायाम शिकविला. त्या व्यक्तींची वये ८६ ते ९६ या दरम्यान होती. आठ आठवडे, देखरेखीखाली, प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे वजन वाढवीत पायांचा व्यायाम करून घेण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाले. मांडीतील स्नायूही सुमारे ९ टक्क्यांनी भरले. नव्वदीतला स्नायूदेखील योग्य मेहनत मिळाली तर प्रतिसाद देतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

त्या प्रयोगातील तीन गोष्टी नीट पाहा. कोणीतरी अनुभवी व्यक्ती शेजारी उभी होती. ओझे कुवतीनुसार ठरविले होते. आणि ते थोडे थोडे वाढविले जात होते. वस्ताद दुसरे काय करतो? तालमीत आलेल्या पहिल्या दिवशीच्या मुलाला तो कधी कुस्तीला लावत नाही. आधी हातात फावडे देऊन हौदातील माती उकरायला सांगतो, त्याचे खांदे पाहतो, श्वास पाहतो, मग दहा-वीस बैठका मोजून घेतो. पुढच्या आठवड्यात दोन वाढवितो. कोणाला थांबवायचे आणि कोणाला ‘अजून दोन मार’ म्हणायचे, हे त्याला मुलाच्या चेहऱ्यावरून कळते. ही नजर आपल्याला आपल्या घरात आणायची आहे.

आधी स्वतःला पारखा

मेहनत सुरू करण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत, हे जाणून घ्यावे. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. हातांचा आधार नसलेली, बसायला सुमारे १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. घरातील कोणालातरी शेजारी उभे राहायला सांगा. दोन्ही हात छातीवर घडी करून घ्या आणि खुर्चीतून पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. असे लागोपाठ पाच वेळा करा आणि किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. आशियाई देशांतील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास पायांची क्षमता घटली आहे असे समजावे आणि डॉक्टरांशी बोलावे. हातांचा आधार न घेता एकदाही उठता येत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तीही एक मोलाची माहितीच आहे आणि तीही डॉक्टरांना सांगावयाची आहे.

हा आकडा तारखेसह दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा पाहा.

घरातील छोटी तालीम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि तोल व बळ यांचा एकत्रित सराव तीन दिवस करावा, असे सांगितले आहे. चालणे बहुतेकांना माहीत असते. बळाचा आणि तोलाचा भाग मात्र राहून जातो. पुढील पाच प्रकार घरातच, पावसाळ्यातही करता येतात.

पहिला, खुर्चीवरील बैठक. तालमीतील बैठकेचेच हे सौम्य रूप. खुर्चीच्या पुढच्या भागात बसा, पावले किंचित मागे घ्या, पुढे झुका आणि उभे राहा. बसताना मनात चार आकडे मोजत हळूहळू बसा. धप्पकन अंग टाकू नका. स्नायूंना खरी मेहनत या सावकाश बसण्यात होते. सुरुवातीस पाच वेळा, मग विसावा, मग पुन्हा पाच वेळा.

दुसरा, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेका. कोपर वाकवून भिंतीकडे या आणि ढकलून परत जा. आठ वेळा पुरे. पाऊल घसरणार नाही अशी कोरडी जागा निवडा.

तिसरा, टाचा उचलणे. स्वयंपाकाचा ओटा दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभे राहा आणि हळू खाली या. दहा वेळा. पोटऱ्यांतील हे बळ जिना चढताना आणि पाऊल उचलताना उपयोगी पडते.

चौथा, तोलाचा सराव. ओट्याजवळच एका पावलापुढे दुसरे पाऊल, टाचेला अंगठा लावून, दहा सेकंद उभे राहा. हे जमू लागल्यावर हात ओट्यावर ठेवूनच एक पाय जरासा उचला. ओट्यापासून दूर जाऊन हा सराव करू नये.

पाचवा, ओझे उचलणे. अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलोचे वजन. खुर्चीत बसून, प्रत्येक हातात एक बाटली घेऊन कोपर वाकवा व सरळ करा. दहा वेळा. पिशवी उचलण्याचे, कळशी हलविण्याचे बळ यातून टिकते.

हे सारे एक दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा करावे. मधला दिवस स्नायूंच्या दुरुस्तीचा असतो, तो चुकवू नये. एखादा प्रकार आठवडाभर सहज जमू लागला की त्यात दोन आवर्तने वाढवावीत. नातवाच्या खेळात बळाचा आकडा जसा एकाएकाने चढतो, तशीच ही चढण आहे. एका दिवसात दहाचे पन्नास करणारा पट्ठा दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही, हे कोणताही वस्ताद सांगेल.

श्वासाचा एक नियम मात्र पाळावा. जोर लावताना श्वास रोखू नये. उठताना, ढकलताना, उचलताना तोंडाने श्वास सोडावा. श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला की श्वास आपोआप मोकळा राहतो.

कोणी आधी विचारावे, कोठे थांबावे

ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांचे नुकतेच मोतीबिंदूचे, हर्नियाचे किंवा सांधे बदलण्याचे शस्त्रकर्म झाले आहे, ज्यांचे हाड मोडले होते अथवा ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे, अशांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना विचारल्यावाचून यांतील काहीही सुरू करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मेहनत टाळावी आणि जवळ साखर ठेवावी. गेल्या वर्षभरात दोनदा पडलेल्या व्यक्तीने आधी पडण्याचे कारण तपासून घ्यावे, कारण ते पायांत नसून औषधांत, डोळ्यांत किंवा उठताना उतरणाऱ्या रक्तदाबातही असू शकते.

व्यायाम करताना छातीत दुखले, दडपण आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलताही येणार नाही इतका दम लागला किंवा सांध्यात तीव्र कळ आली, तर तत्क्षणी थांबावे. छातीतील दुखणे विसाव्यानेही थांबले नाही तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. मांड्यांत दुसऱ्या दिवशी थोडे जड वाटणे मात्र स्वाभाविक आहे. ते मेहनतीचे दुखणे आहे आणि दोन दिवसांत जाते.

सांभाळणाऱ्यांशी चार शब्द

आता ज्यांच्या घरी वृद्ध आई-वडील, सासू-सासरे आहेत, त्या मुला-सुनांसाठी. आपली धावपळ, आपली झोपमोड आणि मनातली धास्ती आम्ही जाणतो. म्हणूनच एक अवघड गोष्ट सांगावीशी वाटते. आजोबा खुर्चीतून उठू पाहतात आणि आपण पटकन काखेत हात घालून त्यांना उचलतो. आजी पाण्याच्या पेल्याकडे हात नेतात आणि आपण तो आधीच त्यांच्या हाती देतो. यात माया असते, शिवाय कामाची घाईही असते. परंतु दिवसातून दहा वेळा उठण्याची जी मेहनत त्यांच्या वाट्याला आली असती, ती आपण दहाही वेळा काढून घेतलेली असते. पट्ठ्याच्या वाटच्या बैठका वस्तादाने स्वतः मारल्या, तर पट्ठा कसा तयार होईल?

इगतपुरीकरांना हे पटविण्यासाठी दूर जायला नको. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीपुढे दर ३७ फुटांना एक फूट असा खडा चढ असतो. त्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागून रेटतात, पण पुढचे इंजिन बंद होत नाही. ते आपल्या ताकदीनिशी ओढतच असते. घाट संपला की इगतपुरीला बँकर सुटतात आणि गाडी स्वतःच्या बळावर नाशिककडे निघते. वृद्धांना दिलेला आधार असा असावा. चढापुरता, मागून, आणि त्यांचे स्वतःचे इंजिन चालू ठेवून.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, उचलण्याऐवजी शेजारी, किंचित मागे उभे राहावे. “आजोबा, हात देऊ का?” असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. उठायला त्यांना अर्धे मिनिट लागले तरी ते त्यांचे असू द्यावे. खुर्ची फार खोल व मऊ असेल तर ती बदलावी, कारण खोल सोफ्यातून धडधाकट माणसालाही उठणे कठीण जाते. गरज पडल्यास हात ओढू नये. त्याने खांदा निखळू शकतो. कमरेला आधार देऊन त्यांना पुढे झुकण्यास सांगावे. ज्यांना पक्षाघात, कंपवात किंवा विस्मरणाचा विकार आहे, त्यांना किती व कसा आधार द्यावा, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

वस्ताद आणखी एक काम करतो. पट्ठ्यांना उतरविण्यापूर्वी तो हौद पाहतो. मातीतील खडे वेचतो. ताक, तेल, हळद घालून ती मऊ करवून घेतो. आपले घर हाच वृद्धांचा हौद. न्हाणीघरातील फरशी कोरडी व खरबरीत आहे का, शौचालयात धरायला भिंतीत पक्की दांडी आहे का, रात्री उठल्यावर हाताशी दिवा आहे का, वीज गेल्यास उशाशी विजेरी आहे का, पायांतील चपला झिजून गुळगुळीत झाल्या आहेत का, पायपुसणे सरकते का, एवढे एकदा शांतपणे पाहावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी अंगणातील शेवाळ खरवडून टाकावे. खडे वेचलेल्या हौदातच धीटपणे मेहनत करता येते.

खुराक: मेहनतीच्या मापाने

पैलवान म्हटला की दूध, तूप, बदाम आणि थंडाई डोळ्यांपुढे येते. तो खुराक दिवसाला शेकडो जोर-बैठका काढणाऱ्या शरीरासाठी असतो. आपण त्याची नक्कल करू नये. त्यातील एक तत्त्व मात्र आपल्यालाही लागू आहे: स्नायू घडवायचे तर प्रथिने हवीत. वय वाढल्यावर पुष्कळ जण सकाळी चहा-बिस्किट, दुपारी थोडा भात आणि रात्री पेज एवढ्यावर येतात. पोट भरते, पण स्नायूंना काही मिळत नाही.

वृद्धांनी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवितात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना सुमारे ५५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, तर १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, पनीर, भाजलेले शेंगदाणे, मांसाहारी असल्यास मासे व अंडी यांतून ते तिन्ही वेळच्या जेवणात वाटून घ्यावे. दात नसतील तर डाळीचे धिरडे, मऊ शिजविलेली मूगडाळीची खिचडी, सातूचे पीठ उपयोगी पडते. इगतपुरीच्या डोंगरउतारावर पिकणारी नागली कॅल्शियमने समृद्ध असते; तिच्या भाकरीसोबत किंवा आंबिलीसोबत डाळ अथवा दही असले की जेवण पुरे होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करावी का, हेही त्याच भेटीत विचारावे.

आजोबांनी आकडे मोजावेत

शेवटी, उतारवयात शरीराइतकेच मनालाही जे बोचते, त्याविषयी. आपला उपयोग संपला, ही भावना अनेकांना आतून पोखरते. नोकरी गेली, घरचा कारभार मुलांकडे गेला, आता आपण केवळ सांभाळून घ्यावयाची वस्तू झालो, असे वाटू लागते. लढती थांबलेल्या पैलवानालाही हेच वाटत असणार. बिराजदारांनी, आंदळकरांनी त्यावर शोधलेला उपाय आपल्याही आवाक्यातला आहे. ज्याला आपण शिकवू, असा कोणीतरी शोधावा.

नातवाच्या हातातील मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्याला म्हणा, “तुझ्या खेळातला म्हातारा पाहिला. आता इकडे ये, तुला मी खऱ्या बैठका दाखवतो.” तो जमिनीवर काढील, आपण खुर्चीवर काढाल. तो पंचवीस काढील, आपण पाच काढाल. आकडे मात्र आपण मोजायचे, तेही मोठ्याने. त्याची पाठ वाकली तर टोकायचे, दम लागला तर थांबवायचे. त्याच्या लक्षात येईल की आजोबांना काही ठाऊक आहे. आपल्या लक्षात येईल की सहावी बैठकही जमते आहे.

आज पाऊस थांबण्याची वाट पाहू नका. भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची ठेवा, शेजारी कोणाला तरी उभे करा आणि पहिला आकडा मोजा.